वसतिगृहाचे कुलूप कोणत्या बाजूने?

बारावीचा निकाल लागला, प्रवेशाच्या याद्या लागल्या की महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत वसतिगृहाचा अर्ज येऊन पडतो. अर्जाच्या मागच्या बाजूला नियमावली असते आणि खाली दोन सह्यांना जागा, एक विद्यार्थ्याची, एक पालकाची. रात्री अमुक वाजता हजेरी, पाहुण्यांना खोलीत मज्जाव, हीटर-इस्त्री-शेगडी सापडल्यास दंड आणि जप्ती, भिंतीला खिळा ठोकायचा नाही, गावी जाताना रेक्टरांची परवानगी. हा कागद एकतर्फी आहे हे सही करताना फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. राहणाऱ्याने काय करायचे नाही हे त्यात तपशिलाने लिहिलेले असते. चालवणाऱ्याने काय करायचे हे नसते. वायरिंग शेवटचे कधी तपासले, दुसरा जिना कुठे आहे, रात्री दोन वाजता आग लागली तर खालच्या दाराची किल्ली कुणाजवळ असेल, याचा त्यात उल्लेख नसतो.

आणि धोका नेमका तिथेच असतो. ज्या दुर्घटनांमुळे वसतिगृहांचे कायदे बदलले, त्यांत जीव गमावलेली मुले उशिरा परतणारी किंवा नियम मोडून बाहेर राहिलेली नव्हती. ती आपल्या राहत्या इमारतीतच होती.

अमेरिकेतल्या न्यूजर्सी राज्यात साऊथ ऑरेंज या गावी सेटन हॉल नावाचे विद्यापीठ आहे. १९ जानेवारी २००० रोजी पहाटे साडेचारच्या सुमारास तिथल्या बोलंड हॉल या प्रथम वर्षाच्या वसतिगृहात तिसऱ्या मजल्यावरच्या कॉमन रूममध्ये आग लागली. इमारतीत सुमारे ६०० विद्यार्थी झोपलेले होते. धोक्याची घंटा वाजली, पण अनेक जण पांघरुणातून उठलेच नाहीत. कारण सप्टेंबरपासून त्या वसतिगृहात तब्बल १८ वेळा खोटी घंटा वाजली होती; कुणीतरी गंमत म्हणून कळ दाबायचे आणि कडाक्याच्या थंडीत सगळ्यांना खाली जाऊन उभे राहावे लागायचे. लांडगा आला रे आला या गोष्टीतल्यासारखेच झाले. तीन विद्यार्थी मरण पावले, ५८ जण जखमी झाले, काहींचे भाजणे इतके भयंकर होते की त्यांच्यावर वर्षानुवर्षे शस्त्रक्रिया चालू राहिल्या. चेष्टेच्या भरात आग लावणाऱ्या दोन विद्यार्थ्यांना सात वर्षांनी, २००७ मध्ये, तुरुंगवासाची शिक्षा झाली.

गुन्हा त्या दोघांचा होताच. पण न्यूजर्सीच्या विधिमंडळाने त्यापुढचा प्रश्न विचारला: कॉमन रूममधली आग तीन मुलांचा जीव घेण्याइतकी वाढली कशी? बोलंड हॉल १९५२ साली बांधलेला. नव्या वसतिगृहांना छतातून पाणी फवारणारे स्प्रिंकलर सक्तीचे झाले ते बरेच नंतर, आणि जुन्या इमारतींना त्यातून सूट होती. त्यामुळे बोलंड हॉलमध्ये स्प्रिंकलर नव्हतेच. आगीनंतर सहा महिन्यांच्या आत, जुलै २००० मध्ये, राज्याने कायदा केला. जुनी असो वा नवी, राज्यातल्या प्रत्येक वसतिगृहात चार वर्षांच्या आत स्प्रिंकलर बसवायचे, आणि खर्च झेपत नसेल तर त्यासाठी कर्जाची सोय सरकार करील. अमेरिकेत असा कायदा करणारे ते पहिले राज्य ठरले. पुढे २००८ मध्ये केंद्रीय कायद्यानेही तिथल्या महाविद्यालयांना वसतिगृहांतल्या आगींची नोंदवही ठेवणे आणि दरवर्षी अग्निसुरक्षेचा अहवाल जाहीर करणे भाग पाडले.

स्प्रिंकलरविषयी आपल्याकडे एक गैरसमज चित्रपटांनी रुजवला आहे, की कुणी सिगारेट पेटवली की सगळ्या इमारतीत पाऊस सुरू होतो. प्रत्यक्षात नेहमीच्या स्प्रिंकलरच्या तोंडाशी काचेची बारीक नळी असते आणि तिच्यात रंगीत द्रव भरलेला असतो. लाल द्रवाची नळी साधारण ६८ अंश सेल्सिअसला फुटते आणि तेवढ्याच तोंडातून पाणी सुटते. धुराचा त्याच्याशी संबंध नाही, शेजारच्या खोलीतल्या स्प्रिंकलरशीही नाही. बहुतेक वेळा आगीच्या डोक्यावरची एक-दोन तोंडे उघडतात आणि आग पसरण्याआधी दबते. ही मिनिटे मोलाची असतात. पूर्वीच्या कापसाच्या गाद्या धुमसत राहायच्या. आताच्या फोमच्या गाद्या आणि सोफे काही मिनिटांत भडकतात आणि त्यांच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड तर असतोच, शिवाय हायड्रोजन सायनाइडसारखा विषारी वायूही असतो. आगीत सापडलेली पुष्कळ माणसे ज्वाळा अंगापर्यंत पोहोचण्याआधी धुरानेच बेशुद्ध होतात. झोपेत धुराच्या वासाने जाग येईल या भरवशावर राहता येत नाही. म्हणून झोपायच्या जागी घंटा हवी, ती खरी हवी, आणि खोटी वाजवणाऱ्याला जबर शिक्षा हवी. या एका नियमाच्या बाबतीत कडकपणा कितीही असला तरी तो कमीच.

भारतीय वसतिगृहात आगीची सुरुवात बहुधा विजेपासून होते, आणि विजेची गोष्ट पाणी तापवायच्या रॉडपासून सुरू होते. थंडीच्या दिवसांत, सकाळी सातच्या तासाआधी, बादलीत रॉड टाकून ठेवणे ही वसतिगृहातली जुनी रीत. असा रॉड १५०० वॅटचा असेल तर २३० व्होल्टवर तो साडेसहा अँपिअर वीज खेचतो. खोलीतला साधा प्लग सहा अँपिअरचा. त्यावर कुणी एक्स्टेंशन बोर्ड लावतो, त्या बोर्डावर रूममेटची किटली चढते, आणि भिंतीतल्या ज्या वायरी दिवा आणि पंखा एवढ्यांसाठीच घातल्या होत्या त्यांच्यातून दुप्पट वीज वाहू लागते. वीज दुप्पट झाली की वायरीत निर्माण होणारी उष्णता चौपट होते. प्लास्टिकचे आवरण मऊ पडते, सांधे काळे पडतात, आणि एखाद्या रात्री भिंतीच्या आतच ठिणगी पडते.

रॉडचा दुसरा धोका त्याहून जवळचा. त्याच्या नळीला भेग गेली की बादलीतले पाणीच विजेचे होते. इथे खटका पडून वीज बंद होईल असे बहुतेकांना वाटते. पण मीटरशेजारचा नेहमीचा एमसीबी वायर वाचवण्यासाठी असतो, माणूस वाचवण्यासाठी नाही. तो १६ अँपिअरच्या पलीकडे गेल्यावर पडणार. माणसाच्या हृदयाची लय बिघडवायला मात्र एका अँपिअरचा काही शतांश भागही पुरतो. माणूस वाचवणारे उपकरण वेगळे, आरसीसीबी नावाचे. जाणारी आणि परत येणारी वीज सारखी आहे का हे ते सतत तोलत असते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज कुणाच्या अंगातून जमिनीत गळू लागली, की सेकंदाच्या काही अंशात ते पुरवठा तोडते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार अगदी छोट्या जोडण्या वगळता अशी गळतीरोधक व्यवस्था बंधनकारक आहे. आरसीसीबीवर चाचणीचे एक लहान बटण असते. ते दाबून पाहायला अर्धे मिनिट लागते. किती वसतिगृहांत ते दर महिन्याला दाबले जाते, हे प्रत्येक रेक्टरने स्वतःला विचारून पाहावे.

रॉडवर बंदी योग्यच आहे. पण मुले रॉड का आणतात? गच्चीवरच्या सोलरचे गरम पाणी पहिल्या वीस जणांत संपते म्हणून. किटली का आणतात? मेस नऊला बंद होते आणि अभ्यास दोनपर्यंत चालतो म्हणून. प्रत्येक मजल्यावर स्वतंत्र जाड वायरीवर चालणारा गिझर आणि एक लहानसा ओटा, तिथे किटली-इस्त्रीची सोय, एवढे केले तर जप्तीच्या धाडी आपोआप कमी होतील. गरज तशीच ठेवून नुसती बंदी घातली की वस्तू पलंगाखाली जाते, आणि पलंगाखालची वायर कुणालाच दिसत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या मुखर्जीनगर भागात मुलींच्या एका पीजीला आग लागली. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी देशभरातून आलेली मुले-मुली या भागात दाटीवाटीने राहतात. आग लागली ती जिन्याजवळच्या मीटर बोर्डाला. इमारतीला जिना एकच. म्हणजे खाली येण्याची एकमेव वाट पहिल्या मिनिटातच धुराने भरली. आत ३५ मुली होत्या. अग्निशमन दलाने सगळ्यांना सुखरूप बाहेर काढले. पुढच्या वर्षी याच महिन्यात मदुराईतल्या एका खासगी महिला वसतिगृहात पहाटे फ्रिजचा स्फोट होऊन आग लागली, तेव्हा तेवढे नशीब नव्हते. धुराने गुदमरून दोन महिलांचा मृत्यू झाला.

जिन्याखालची जागा मोकळी दिसते म्हणून तिथे मीटर बसवायचे, मोडक्या खाटा रचायच्या, दुचाक्या लावायच्या, इन्व्हर्टरची बॅटरी ठेवायची, ही आपल्याकडची सवय आहे. तळमजल्यावर पेट घेतलेल्या कोणत्याही गोष्टीसाठी जिना हे धुराडेच असते. उष्ण धूर वर चढतो आणि प्रत्येक मजल्यावर शिरतो. राष्ट्रीय इमारत संहितेने वसतिगृहांना हॉटेल-लॉजप्रमाणेच निवासी इमारतींत धरून बाहेर पडण्याच्या वाटांचे दंडक घालून दिले आहेत. तरीही दुसरा जिना नकाशावर असतो आणि प्रत्यक्षात त्याच्या दाराला कुलूप असते. कारण विचारले तर उत्तर ठरलेले: मुले रात्री पळून जातात, बाहेरचे आत येतात.

हे उत्तर खोटे नाही. बाहेरचे आत येतात, आणि त्याचीही एक फार दुःखद गोष्ट आहे. ५ एप्रिल १९८६ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीवर तिच्याच वसतिगृहाच्या खोलीत बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. आरोपी त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. इमारतीची दारे आपोआप बंद होऊन कुलूप लागणारी होती, आणि त्यातली तीन दारे त्याला उघडी सापडली. येण्याजाण्याचा त्रास नको म्हणून कुणीतरी पिझ्झाची खोकी अडकवून ती उघडी ठेवली होती. नंतर तिच्या आईवडिलांना कळले की आधीच्या तीन वर्षांत त्या आवारात ३८ हिंसक गुन्हे घडले होते आणि प्रवेश घेणाऱ्यांना त्यातले काहीच सांगितले गेले नव्हते. त्यांनी पिच्छा पुरवला. १९९० साली अमेरिकेत कायदा झाला, १९९८ पासून तो जीन क्लेरीच्या नावाने ओळखला जातो. सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाने आवारातल्या गुन्ह्यांची आकडेवारी दरवर्षी जाहीर केलीच पाहिजे, हे त्याचे सार.

म्हणजे दार उघडे राहिले तर धोका, आणि बंद राहिले तरी धोका. दुसऱ्या धोक्याचे उदाहरण दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशातले आहे. मे २०२३ मध्ये माहदिया या खाणगावात शाळकरी मुलींच्या वसतिगृहाला रात्री आग लागली. मोबाईल काढून घेतल्याच्या रागातून एका मुलीने ती लावली, असे तपासात पुढे आले. मुलींनी रात्री बाहेर जाऊ नये म्हणून दारे आतून कुलूपबंद होती, खिडक्यांना लोखंडी ग्रिल होते, आणि गोंधळात किल्ल्या सापडल्या नाहीत. एकोणीसहून अधिक मुलांचे जीव गेले. भिंती फोडून उरलेल्यांना बाहेर काढावे लागले.

या पेचावर तांत्रिक उत्तर शंभर वर्षांपूर्वीच सापडले आहे. ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वॉय नाट्यगृहाला आग लागून सहाशेहून अधिक माणसे मेली; कितीतरी प्रेते बंद दारांशी ढीग होऊन पडली होती. कार्ल प्रिन्झलर हा हार्डवेअरचा विक्रेता त्या खेळाला जाणार होता, ऐनवेळी जाऊ शकला नाही. ती गोष्ट त्याच्या मनातून जाईना. हेन्री ड्यूपाँट या जाणकाराच्या मदतीने त्याने दाराला आतून आडवा दांडा बसवायची युक्ती बाजारात आणली: बाहेरून दार कुलूपबंद, पण आतून कुणीही, अंधारात, किल्लीशिवाय, नुसत्या अंगाच्या रेट्याने ते उघडू शकेल. आज मॉलमध्ये, चित्रपटगृहात हा दांडा सर्रास दिसतो. तो पॅनिक बार. त्याला एक घंटा जोडली की दार उगाच उघडले तर रेक्टरच्या खोलीत लगेच कळते. ग्रिलचेही तसेच, प्रत्येक खोलीच्या ग्रिलला आतून उघडणारी एक झडप ठेवता येते. बाहेरच्याला अडवणारे आणि आतल्याला मोकळे सोडणारे कुलूप मिळते, स्वस्त नसले तरी परवडते. एका मोठ्या कुलपाची किल्ली एकाच माणसाच्या कमरेला असणे, ही व्यवस्था मात्र कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही.

आणि आतल्यांपासूनचा धोका? जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोडजवळच्या मुलींच्या शासकीय वसतिगृहात चौथ्या मजल्यावरच्या खोलीत एका अठरा वर्षांच्या विद्यार्थिनीचा मृतदेह सापडला. संशय होता वसतिगृहात काम करणाऱ्या माणसावरच. त्याच दिवशी रेल्वे रुळांवर त्याचा मृतदेह मिळाला. सुट्ट्यांमुळे बहुतेक मुली गावी गेल्या होत्या आणि त्या मजल्यावर ती एकटी राहत होती. महाराष्ट्र हादरला. गेटची वेळ कितीही कडक असती तरी हा प्रकार टळला नसता. टळू शकला असता तो दुसऱ्या गोष्टींनी: सुट्टीत उरलेल्या मुलींना एकाच मजल्यावर, शेजारशेजारच्या खोल्यांत हलवणे, प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी, मुलींच्या मजल्यावर पुरुष कर्मचाऱ्यांना रात्री मज्जाव, खोलीच्या दाराला आतून भक्कम कडी, आणि तक्रार आली की त्याच दिवशी तिची दखल. यातली प्रत्येक गोष्ट व्यवस्थापनाने करायची आहे, मुलीने नाही.

तरी अशा घटनेनंतर पहिली मागणी येते ती गेटची वेळ अलीकडे आणण्याची, आणि ती येते मुलींच्याच वसतिगृहासाठी. २०१५ साली दिल्लीत ‘पिंजरा तोड’ ही मोहीम उभी राहिली ती याच मुद्द्यावर. जामिया मिलिया इस्लामिया विद्यापीठाने मुलींना रात्री उशिरा परतण्याची परवानगी रद्द केली होती. कायदा या बाबतीत मुलींच्या बाजूने आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. उच्च शिक्षणसंस्थांतल्या लैंगिक छळाविषयी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ साली जे विनियम केले, त्यांत स्पष्ट म्हटले आहे की सुरक्षिततेचे कारण सांगून मुलींच्या वसतिगृहाला मुलांच्या वसतिगृहापेक्षा वेगळे, भेदभाव करणारे नियम लावता येणार नाहीत. सुरक्षेच्या नावाखाली सतत पाळत ठेवणेही या विनियमांना मान्य नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये कोझिकोडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलींनी हाच प्रश्न केरळ उच्च न्यायालयात नेला. फक्त मुलींनाच का कोंडायचे, असे न्यायालयाने विचारल्यावर सरकारने मुले आणि मुली दोघांना सारखाच नियम लावणारा आदेश काढला. त्याआधी २०१९ मध्ये याच न्यायालयाने संध्याकाळी अभ्यासाच्या वेळी मोबाईल जमा न केल्याबद्दल वसतिगृहातून काढलेल्या विद्यार्थिनीला परत घ्यायला लावले होते; इंटरनेट वापरणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असा तो निकाल.

पालकांची काळजी समजण्यासारखी आहे. लातूरहून, गडचिरोलीहून मुलीला पुण्याला धाडणाऱ्या आईवडिलांना गेटची वेळ हा एकमेव भरवसा वाटतो. पण सात वाजता बंद होणाऱ्या गेटमुळे ग्रंथालय आणि प्रयोगशाळा हातातून जातात, आणि उशीर झालेली मुलगी दंडाच्या भीतीने गेटवर येण्याऐवजी रात्रभर दुसरीकडे थांबते, हा त्यातला खरा धोका आहे. नोंद करून, फोन करून, कधीही आत येता येईल असे गेट तिला जास्त सुरक्षित ठेवते.

नियम कडक हवेत ते रॅगिंगबाबत, आणि इथे महाराष्ट्राने वाट दाखवली होती. राज्याचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, आणि दोषी ठरलेल्याला संस्थेतून काढून पाच वर्षे दुसरीकडेही प्रवेश नाही. संस्थेच्या प्रमुखाने तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करायची; दुर्लक्ष केले तर तो गुन्ह्याला साथ दिल्यासारखे धरले जाते. हिमाचल प्रदेशातल्या वैद्यकीय महाविद्यालयात मार्च २००९ मध्ये अमन काचरू या विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये मृत्यू झाल्यावर आयोगाने देशभरासाठी विनियम आणले. त्यांत शक्यतो प्रथम वर्षाच्या मुलांची राहण्याची सोय वेगळी करावी, वसतिगृहाला पूर्णवेळ वॉर्डन असावा, तो तिथेच किंवा अगदी जवळ राहावा आणि कोणत्याही वेळी फोनवर मिळावा, असे सांगितले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाच्या वसतिगृहात प्रथम वर्षाचा एक मुलगा वरून पडून मरण पावला, तेव्हा शिक्षण संपलेले माजी विद्यार्थीही तिथे ठाण मांडून होते हे उघड झाले. कोणत्या खोलीत कोण राहतो याची खरी यादी ठेवणे हीसुद्धा देखभालच आहे.

देखभाल हा शब्द उच्चारला की रंगरंगोटी आठवते. तिचा खरा शत्रू पाणी आहे. जून २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे विद्यार्थी राहत असलेल्या एका इमारतीची चौथ्या मजल्यावरची बाल्कनी वाढदिवसाच्या रात्री कोसळली. सहा तरुण गेले, त्यातले पाच उन्हाळी कामासाठी आयर्लंडहून आलेले विद्यार्थी. इमारत जेमतेम आठ वर्षांची होती. पाणी मुरून आतले लाकडी वासे कुजले होते, आणि वरून काही दिसत नव्हते. २०१८ मध्ये तिथे अशा बाल्कन्यांची दर सहा वर्षांनी तपासणी सक्तीची झाली. आपल्याकडे लाकडाऐवजी काँक्रीट असते. पण ओल आत गेली की सळई गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटू लागतात. कोकणात आणि मुंबईत खाऱ्या हवेने हे लवकर होते. न्हाणीघराच्या छतातून टपकणारे पाणी ही म्हणूनच रंगाची तक्रार नसते. महाराष्ट्रातल्या महानगरपालिकांच्या कायद्यात ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे, आणि आपली कितीतरी वसतिगृहे त्याहून खूप जुनी आहेत.

पिण्याच्या पाण्याचेही तेच. भारतीय मानकाप्रमाणे क्लोरीन टाकून शुद्ध केलेल्या पाण्यात नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन उरायला हवे. तपासायची किट शे-दोनशे रुपयांत मिळते. झाकण नसलेल्या टाकीतून कावीळ पसरली तर ती कळते काही आठवड्यांनी, कारण विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत तेवढा काळ जातो, आणि तोवर सगळा मजला तेच पाणी प्यायलेला असतो. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून कूलर, ड्रम आणि गच्चीवरची भांडी आठवड्यातून एकदा कोरडी केली तरी पुरते.

हे सगळे वरिष्ठांवर सोपवून चालत नाही, आणि महाराष्ट्राच्या वसतिगृहांची परंपराही तशी नाही. १९०१ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे एकेका समाजासाठी बोर्डिंगे उभी राहिली. १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले. तिथे स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे मुले स्वतः करत. मुलांच्या जेवणासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आपण राहतो ती वास्तू आपण सांभाळायची, ही शिकवण त्या बोर्डिंगांतून बाहेर पडलेल्या पिढ्यांना मिळाली. आज तिचे रूप वेगळे असेल: मेस समितीसारखीच एक इमारत समिती, तिच्यात विद्यार्थी, आणि तक्रारवहीत प्रत्येक तक्रारीपुढे ती कधी दुरुस्त झाली ती तारीख. सत्रातून दोनदा आगीची तालीम, त्यातली एक रात्री, न सांगता.

शासकीय आणि महाविद्यालयीन वसतिगृहांवर निदान कुणाची तरी देखरेख असते. पुण्याच्या सदाशिव, नारायण, शनिवार पेठांत ‘कॉट बेसिस’वर राहणाऱ्या हजारो मुलांवर तीही नाही. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना राज्य सरकार स्वाधार योजनेतून राहण्या-जेवण्याचे पैसे देते. ते पैसे याच खोल्यांच्या भाड्यात जातात. एका खोलीत पाच-सहा खाटा, एकच अरुंद लाकडी जिना, उघड्या वायरी. तामिळनाडूने २०१४ मध्ये महिला आणि मुलांच्या खासगी वसतिगृहांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. मदुराईची आग पाहता नुसता कायदा पुरत नाही हे खरे, पण परवान्याच्या अटी असल्या की निदान जाब कुणाला विचारायचा हे ठरते. सरकारी पैसा ज्या खोल्यांच्या भाड्यात जातो, त्यांची सुरक्षा तपासणी सरकारने करायलाच हवी.

एक हत्यार मात्र आजही हाताशी आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन अधिकाऱ्यांना द्यायचे असते. त्याला ‘नमुना ब’ म्हणतात. मुलामुलींना वसतिगृहात ठेवणाऱ्या पालकांनी रेक्टरांकडे या प्रमाणपत्राची प्रत मागावी, आणि विद्यार्थी प्रतिनिधींनी ते दर सहा महिन्यांनी सूचना फलकावर लावून घ्यावे.